नटाच्या खोकल्याची साक्ष

नाटक आणि विज्ञान म्हटले की आपल्याला ब्रेख्तचा गॅलिलिओ आठवतो, नाहीतर शाळेतली विज्ञाननाटिका. तिथे विज्ञान हा नाटकाचा विषय असतो. पण अभिनय हे संशोधनाचे साधनही होऊ शकते, आणि त्याचा दाखला दिल्लीतच आहे. एप्रिल २०१४मध्ये १७ धडधाकट माणसे क्षयाचे रुग्ण बनून इथल्या गरीब आणि मध्यमवर्गीय वस्त्यांतल्या १०० खासगी वैद्यकीय व्यावसायिकांकडे गेली. त्यांतले २९ एमबीबीएस होते. बाकीचे अन्य पद्धतींचे, किंवा पदवी नसलेलेही. एकाची तक्रार दोन-तीन आठवड्यांचा खोकला आणि ताप, तर दुसऱ्याच्या हाती क्षय ठरलेला अहवाल. अशा चार भूमिका घटवून घेतल्या होत्या. जिष्णू दास, मधुकर पै आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१५मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये प्रसिद्ध झाला. २५० भेटींपैकी फक्त ५२ वेळा रुग्णाला योग्य दिशा मिळाली.

यासाठी नट कशाला, प्रश्नावली पुरली नसती का? नसती. या व्यावसायिकांपैकी ६९ जणांना असाच रुग्ण कागदावर दिला, तेव्हा ५० जणांनी छातीचा एक्स-रे किंवा थुंकीची तपासणी सांगितली. तोच रुग्ण समोर येऊन खोकू लागला, तेव्हा ती सांगणारे निघाले सातच! म्हणजे खोट ज्ञानात कमी आणि आचरणात अधिक. प्रश्नावलीने पहिली गोष्ट कळते. दुसरी कळायला समोर माणूसच बसावा लागतो. खऱ्या रुग्णांवरून तुलना करता येत नाही, कारण प्रत्येकाचा आजार आणि सांगण्याची तऱ्हा निराळी. तालमीतला रुग्ण मात्र प्रत्येक दारी तोच आजार घेऊन जातो.

कोणी म्हणेल, ही तर फसवणूक. पण या व्यावसायिकांची संमती आधी घेतली होती. कोण, कधी येणार एवढेच गुपित होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नटाच्या सांगण्यावर भिस्त कशी ठेवायची? म्हणूनच त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिल्या, आणि त्या बऱ्याच जुळल्या. नंतर व्यावसायिकांना विचारले, तेव्हा उत्तर मिळालेल्या २३२ भेटींपैकी जेमतेम ११ मध्ये सोंग ओळखले गेले होते. हे आकडे साऱ्या दिल्लीचे नव्हेत, हे मान्य. निवड सोयीची होती. पण परीक्षेला राजी झालेल्यांचीच ही गत असेल, तर उरलेल्यांबाबत निर्धास्त राहायला आधार कोणता?

वैद्यकशिक्षणात असे 'रुग्ण' अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३मध्येच आणले होते. आपल्याकडे चांगल्या नटांची वाण नाही. आरोग्यसेवेचा दर्जा मोजणाऱ्यांनी कागदी माहितीवर न थांबता त्यांना हाताशी घ्यावे, आणि नाट्यशाळांनीही हे काम दुय्यम मानू नये.