भट्टी कुणाची आणि पाणी कुठलं?



या सुगंधोपचार परिषदेचा अध्यक्ष म्हणून जव्हार तालुक्यातल्या जामसरला आल्यापासून एकच प्रश्न कानावर पडतोय: मोगऱ्याचं तेल का काढू नये? जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या कळ्या दादरच्या फूलबाजारात जातात आणि भाव पडला की टोपलीचं भाडंही सुटत नाही. तेव्हा हा प्रश्न रास्त आहे.

तेल निघतं, पण गावच्या भट्टीत नाही. मोगऱ्याचा नाजूक वास वाफेच्या आचेने बिघडतो. म्हणून फुलं हेक्झेनसारख्या द्रावकात भिजवून आधी मेणचट काँक्रीट काढतात आणि त्यातून अल्कोहोलने ॲब्सोल्यूट, म्हणजे शुद्ध सुगंधी अर्क. किलोभर ॲब्सोल्यूटला सातशे ते हजार किलो फुलं लागतात. हेक्झेन भडकन पेट घेणारं रसायन आहे, ते अंगणात हाताळायचं नाही. गजऱ्याची कळी गजऱ्यालाच जाऊ द्या.

भट्टीला मानवतं ते गवत. गवती चहा तुम्हाला सांगायला नको. पण त्याच्याच कुळातलं रोशा गवत आपण जवळजवळ विसरलो आहोत, आणि त्याची कहाणी महाराष्ट्राची आहे. नंदुरबार, तळोदा या बाजूच्या डोंगरात पावसाळा सरता सरता रोशा फुलावर यायचं आणि ओढ्याकाठी भट्ट्या लागायच्या. 1880 च्या खानदेश गॅझेटिअरात या तेलाची नोंद आहे. तिथून ते मुंबई बंदरात, पुढे तांबड्या समुद्रातून कॉन्स्टँटिनोपलला. तिथले व्यापारी त्यात लिंबाचा रस घालून घुसळत, उन्हात ठेवून उजळवत आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरत. भट्टीवर चढवण्याआधीच गुलाबाच्या पाकळ्यांवर ते शिंपडलं, तर भेसळ ओळखणं आणखी अवघड. कारण सरळ आहे: रोशाच्या तेलात पाऊण हिश्श्याहून अधिक जिरॅनिऑल असतं, आणि गुलाबाच्या तेलातही तोच एक मुख्य घटक. युरोपच्या बाजारात हे तेल तुर्की जिरेनियम म्हणून विकलं गेलं. नाव तुर्कस्तानचं, नफा दलालांचा, आणि धुरात डोळे चोळणारा खानदेशातला भट्टीवाला कुणाच्या खिजगणतीत नाही. आज इथे नवी भट्टी लावायची, तर हा हिशेब आधी डोळ्यासमोर ठेवा.

दवण्याचं तसंच. चैत्रात जोतिबाला दवणा आपण वाहतो, त्याचं महागडं तेल मात्र कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूच्या शेतांतून निघतं. नागरमोथ्याचं तेल परदेशी अत्तरवाले सिप्रिओल म्हणून घेतात. वाळ्याचा मोह तुम्हालाही होईल, पण वाळ्याचं तेल मुळात असतं. मुळं काढायला उतार खणलात, तर जव्हारचा पाऊस त्या वर्षीची माती खाली घेऊन जाईल. बांध धरायला वाळा लावा, भट्टीसाठी नको.

आता उपचाराविषयी, कारण परिषदेच्या नावातच सुगंधोपचार आहे. हा शब्द रूढ केला फ्रेंच रसायनतज्ज्ञ रेने-मॉरिस गॅटफॉसे यांनी, 1937 च्या पुस्तकातून. त्याआधी आपल्या आज्या निर्गुडीच्या पाल्याचा वाफारा देतच होत्या. सुगंधाने मन निवतं, झोपेला मदत होते, चोळण्याने अंग मोकळं होतं, हे मी मानतो. रोशाचं तेल बुरशीला रोखतं, डासांना काही वेळ लांब ठेवतं. त्यापुढचे बाटलीवरचे दावे, मधुमेह, सांधेदुखी, कॅन्सर, मला मान्य नाहीत आणि या व्यासपीठावरून ते होऊ नयेत. गवती चहाचा काढा वेगळा, त्याचं शुद्ध तेल वेगळं. तेल पोटात घ्यायचं नाही. कातडीवर लावायचं तर शंभर मिलिलिटर खोबरेल तेलात दोन मिलिलिटर पुरे, तेही आधी मनगटावर लावून, एक दिवस वाट पाहून. लहान मुलाने कापूर किंवा निलगिरी तेल गिळलं तर झटके येऊ शकतात. बाटली उंचावर ठेवा. ताप आला की आधी आरोग्य केंद्र. भगत मंडळींनीही हेच सांगावं, त्यांचा शब्द डॉक्टरांपेक्षा लवकर पोचतो.

खरी अडचण वेगळीच आहे. भट्टीला दोन गोष्टी अखंड लागतात, सरपण आणि थंड पाणी. वाफ निवली नाही तर तेल हाती येत नाही. आणि धो धो पावसाच्या मोखाड्यात मे महिन्यात पाड्यावर टँकर येतो! बाईच्या डोक्यावरच्या हंड्यातून तेल थंड करणार असाल तर तो धंदा मला नको. म्हणून हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा धरा. रोशा तेव्हाच फुलावर असतं, तेल मुख्यतः तुऱ्यात असतं आणि ओहोळही वाहते असतात. निवणीचं पाणी हौदात फिरवून पुन्हा वापरा. तेल काढून उरलेलं गवत वाळवून चुलाणात घाला, म्हणजे जंगलातला लाकूडफाटा वाचेल. शंभर किलो ओल्या रोशातून चारशे ते सहाशे ग्रॅम तेल मिळतं, एवढ्याच आकड्यावर गणित मांडा. लखनौच्या सीमॅप संस्थेने तृष्णा, पीआरसी-1 असे वाण दिले आहेत, ते आधी गुंठाभर लावून पाहा.

आणि नागली-वरईच्या वरकसावर गवत चढवू नका. वावर-वांगणीत 1992 साली कुपोषणाने मुलं गेली, हे जव्हार तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. अत्तराने पोट भरत नाही. पडीक माळ आणि बांध गवताला पुरेत.

राहिला मालकीचा प्रश्न. 1996 चा पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा, आणि 2006 चा वनहक्क कायदा, दोन्हींनी गौण वनोपजाची मालकी इथल्या लोकांना दिली आहे, आणि वनहक्क कायद्याच्या व्याख्येत औषधी वनस्पती आहेत. तेव्हा आजच्या ठरावात एक कलम माझ्याकडून घाला: भट्टी ग्रामसभेच्या किंवा बचत गटाच्या नावावर असेल, तेल विकायचं ते तपासणीच्या दाखल्यासह आणि पाड्याच्या नावाने, आणि व्यापाऱ्याकडून भट्टीसाठी उचल घेतली जाणार नाही. हे कलम मंजूर होणार नसेल, तर बाकीचे ठराव बाजूला ठेवा आणि आधी यावर चर्चा करा.