लघवीची नळी तुंबते तेव्हा : घरातील पहिली दहा मिनिटे



भातशेतीच्या या भंडारा जिल्ह्यात झाडावरून पडणे, बैलगाडी उलटणे, रस्त्यावर मोटारसायकल घसरणे हे अपघात नवे नाहीत. अशा अपघातात मणका मोडून त्यातील मज्जारज्जूला इजा झाली, की दुखापतीखालचे अंग लुळे पडते. लोकांना लुळे पाय दिसतात. पण त्यांच्याबरोबर मूत्राशयावरचा ताबाही गेलेला असतो, हे सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. म्हणून अनेक रुग्णांना लघवीची नळी, म्हणजेच कॅथेटर, कायम बाळगावी लागते. रुग्णालयातून घरी आल्यावर तिची राखण घरच्यांकडे येते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे रुग्ण फार काळ जगत नसत. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि शय्याव्रण त्यांचा बळी घेत. 1944 मध्ये इंग्लंडमधील स्टोक मॅन्डेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी मूत्राशय व त्वचा यांच्या निगेवर भर दिला, त्याला खेळांची जोड दिली, आणि चित्र पालटले. त्या खेळांतूनच पुढे पॅरालिम्पिक स्पर्धा उदयास आल्या. 1965 च्या युद्धात जायबंदी झालेले आपल्या महाराष्ट्राचे जवान मुरलीकांत पेटकर यांनी 1972 मध्ये हायडेलबर्गच्या अशाच स्पर्धेत जलतरणाचे सुवर्णपदक मिळविले. अपंगत्व आले म्हणून आयुष्य संपत नाही. मात्र निगेत कसूर झाली तर ते अकाली संपू शकते.

संकटाची खूण

भंडारा-पवनी रस्त्यावरील या अड्याळच्या परिसरातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. मध्यरात्री अंथरुणाला खिळलेल्या तरुणाचे डोके घणाचे घाव पडावेत तसे ठणकू लागते. चेहरा लाल होतो, कपाळावर घाम फुटतो, नाक चोंदते, अंगावर काटा येतो. घरची माणसे त्याला आडवे करतात, पांघरूण घालतात, डोकेदुखीची गोळी देतात. हेतू चांगला, पण उपाय उलटा! आडवे केल्याने संकट वाढते, आणि पांघरुणाखाली खरे कारण झाकले जाते.

ते कारण बहुधा तुंबलेले मूत्राशय असते. नळीला पीळ पडलेला असतो, ती अंगाखाली दबलेली असते किंवा गाळाने बंद झालेली असते. मूत्राशय ताणले गेल्याचा निरोप इजा झालेल्या मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत पोचत नाही. मात्र इजेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब एकाएकी चढतो. वैद्यकशास्त्रात यास ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा झालेल्यांना हा धोका असतो. उपाय लवकर झाला नाही तर झटके येतात, मेंदूत रक्तस्राव होतो, प्रसंगी प्राणही जातो. पोटात दुखले असते तर रुग्णाने सांगितले असते. ते कळत नाही म्हणून डोके बोलते.

काय करावे, काय करू नये

प्रथम रुग्णास उठवून बसवावे, पाय खाली सोडावेत, कमरेचे व छातीवरचे कपडे आणि पट्टे सैल करावेत. मग नळीवर मुळापासून पिशवीपर्यंत हात फिरवावा. पीळ काढावा, पिशवी भरली असल्यास रिकामी करावी आणि ती मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवावी. बहुतेक वेळा एवढ्यानेच लघवी वाहू लागते व डोके उतरते.

तरीही लघवी येत नसेल, तर ज्यांना रुग्णालयात शिकविले आहे त्यांनीच 10 ते 15 मिलिलिटर निर्जंतुक सलाईन हळुवार सोडून पाहावे. ते परत आले नाही तर पुन्हा सोडू नये. नळी बदलणे हाच उपाय असतो. ती येत नसेल तर विलंब न लावता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णास बसलेल्या स्थितीतच न्यावे. आतला फुगा फुगलेला असताना नळी ओढू नये, मूत्रमार्ग फाटतो. पोटावरील छिद्रातून घातलेली नळी निसटली तर ते छिद्र लवकर आक्रसते. तेव्हा सकाळची वाट पाहू नये.

रुग्णालयात एक गोष्ट आवर्जून सांगावी. अशा रुग्णाचा नेहमीचा वरचा रक्तदाब 90 ते 110 एवढाच असू शकतो. इतरांच्या बाबतीत फारसा चिंताजनक न वाटणारा 140 चा आकडा त्याच्या बाबतीत धोक्याचा असतो. इजेची पातळी, नेहमीचा रक्तदाब व नळीचे माप लिहिलेला कागद उशाशी ठेवावा. शेजारी एक जादा नळी, सिरिंज व निर्जंतुक पाणी असावे.

गावाचे काम

हा भार एकट्या माउलीवर किंवा पत्नीवर टाकून चालणार नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. गावात असे रुग्ण किती, याची नोंद घेऊन त्यांच्या नळ्या-पिशव्यांसाठी त्यातून काही तरतूद होऊ शकेल काय, याचा विचार सदस्यांनी करावा. आशाताईंनी ही खूण घरोघर समजावून द्यावी, शिक्षकांनी तो कागद सुवाच्य अक्षरात लिहून द्यावा. रुग्णवाहिका येण्यास वेळ लागेल. परंतु रुग्णाला बसते करण्यास आणि नळीचा पीळ काढण्यास शेजाऱ्याचे दोन हात पुरेसे आहेत. ते हात जाणते असावेत, एवढेच.