इंजिन बंद पडलं, तर लेक काय करील?

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)



१ ऑक्टोबर २०१७ ला आपल्या जिल्ह्यात, कोपरगाव तालुक्यातल्या काकडीला शिर्डीचं विमानतळ सुरू झालं. तिकडे भीमेपलीकडे बारामतीला वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत. त्यामुळे विमान ही आता आपल्याला परकी गोष्ट राहिलेली नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेल्या मुली घरी म्हणू लागल्यात, "आई, मला वैमानिक व्हायचंय." जगात शंभर वैमानिकांमागे पाचेक बायका असतात. आपल्या देशात हे प्रमाण पंधराच्या आसपास आहे. म्हणजे वाट मळलेली आहे.

पण आईच्या मनात प्रश्न येतोच. शिकणारी मुलगी एका इंजिनाच्या छोट्या विमानात बसणार. विमान जमीन सोडतंय आणि तेवढ्यात इंजिन बंद पडलं, तर? मी शिकाऊ वैमानिकांना शिकवते. बचत गटांच्या बैठकीत हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्याचं उत्तर आज नीट सांगते.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढू. इंजिन थांबलं म्हणून विमान दगडासारखं खाली पडत नाही. सायकलचं पायडल मारणं थांबवलं तर चढावर सायकल अडखळते आणि आडवी होते, उतारावर मात्र ती आपोआप पळते. विमानाचंही तसंच आहे. नाक खाली केलं की ते तरंगत पुढे जातं. शिकवण्यासाठी वापरतात ते सेसना १५२ नावाचं दोन आसनांचं विमान हजार फुटांवरून, म्हणजे तीनशे मीटरवरून, इंजिनाशिवाय अडीच किलोमीटर जाऊ शकतं. त्यासाठी ताशी सुमारे ११० किलोमीटरचा वेग मात्र टिकवावा लागतो.

अडचण अशी, की उड्डाणाच्या वेळी विमान चढावर असतं. नाक वर, वेग बेताचा आणि खाली उंची नाही. इंजिन थांबलं की दोन-चार सेकंदांत वेग उतरतो. त्याच दोन-चार सेकंदांत माणूस सुन्न होतो, "हे काय झालं?" म्हणत बसतो. म्हणून हा निर्णय वर गेल्यावर घ्यायचाच नसतो. तो जमिनीवर, डोकं थंड असताना घेऊन ठेवायचा असतो.

चांगली वैमानिक प्रत्येक उड्डाणाआधी तो तोंडाने मोठ्याने बोलते. शेजारी कोणी नसलं तरी बोलते. असं:

"धावपट्टीवर असताना काहीही बिघडलं, तर थ्रॉटल मागे, ब्रेक, थांबायचं.
जमीन सोडली आणि समोर धावपट्टी शिल्लक आहे, तर नाक खाली, तिथेच उतरायचं.
धावपट्टी संपली आणि उंची कमी आहे, तर नाक खाली, समोरच्या रानात उतरायचं. मागे वळायचं नाही."

मागे का वळायचं नाही? धावपट्टी तर पाठीमागेच असते, तिथे सुखरूप उतरता येईल असं वाटतं. हाच मोह जीव घेतो. ट्रॅक्टर तासाच्या टोकाला वळवला, तर तो त्याच तासात परत येत नाही, बाजूच्या तासात येतो. तसंच विमान अर्धं वर्तुळ वळलं तरी धावपट्टीच्या बाजूला येतं. धावपट्टी गाठायला आणखी वळावं लागतं. वळताना ते एका अंगावर कलतं, आणि कललेल्या विमानाला हवेत राहायला जास्त वेग लागतो. पंचेचाळीस अंश कललं तर जवळजवळ पाचव्या हिश्शाने जास्त. वेग तर आधीच उतरलेला असतो. मग पंख हवा धरत नाहीत आणि विमान एका अंगावर कोसळतं. शिवाय उड्डाण वाऱ्याला सामोरं जाऊन करतात. मागे वळलं की तोच वारा पाठीशी येतो आणि जमिनीला टेकताना वेग वाढतो. वेग दुप्पट झाला की आदळण्याचा जोर चौपट होतो, हे लक्षात ठेवा.

पुरेशी उंची असेल तर परत येता येतं. पण ती उंची किती, हे त्या विमानावर आणि त्या दिवशीच्या वाऱ्यावर आधी शिक्षकाबरोबर ठरवायचं. ऐन वेळी अंदाज बांधायचा नाही.

समोरचं रान कसं निवडायचं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. उभ्या उसात विमान अडकून उलटू शकतं. द्राक्षबागेत तारा, शेडनेटला खांब, मधे विहीर नाही तर शेततळं. काढणी झालेलं मोकळं रान सगळ्यात बरं. नांगरलेलं असेल तर तासांच्या दिशेने उतरायचं, आडवं नाही. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायचे. समोर फार तर थोडं डावी-उजवीकडे वळून यातलं बरं रान घ्यायचं. वेळ मिळाला तर इंधनाची कळ बंद, विजेचं बटण बंद, पट्टा घट्ट आणि दार थोडं उघडं. दार दबून अडकू नये म्हणून. विमान मोडलं तर मोडू दे. ते दुसरं मिळतं.

२५ जुलै २०२२ ला बारामतीहून निघालेलं एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात पडलं. आत बावीस वर्षांची मुलगी एकटीच होती. ते उड्डाणाच्या क्षणी घडलं नव्हतं, वाटेत घडलं. विमानाचं मोठं नुकसान झालं, पण मुलीला किरकोळ दुखापत झाली. गावकरी मदतीला धावले.

मोठ्या विमानालाही हाच हिशेब लागू पडतो. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये उड्डाण करताच एका प्रवासी विमानाच्या दोन्ही इंजिनांत पक्षी शिरले. वैमानिकाने मागे वळून विमानतळ गाठायचा मोह टाळला आणि विमान हडसन नदीत उतरवलं. १५५ च्या १५५ माणसं वाचली.

पण खरी राखण इंजिन बंद पडण्याआधीच होते. डिझेलमध्ये पाणी गेलं की पाण्याचं इंजिन कसं गचके खातं, हे तुम्हाला माहीत आहे. विमानाच्या टाकीतही पाणी तळाशी बसतं. म्हणून दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि इंधन भरल्यावर खालून थोडं इंधन नळीत काढून बघतात. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या दोन यंत्रणा असतात, त्या एकेक करून तपासतात. मग पूर्ण जोर दिल्यावर वेग हवा तसा वाढतो का, हे बघतात. आपला भाग समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंच आहे. त्यात वैशाखातलं ऊन. हवा विरळ होते, इंजिनाचा जोर कमी पडतो आणि विमानाला जास्त पळावं लागतं. अर्धी धावपट्टी संपली तरी वेग आला नाही, तर थांबायचं.

आणि इथेच आपल्या मुलींची अडचण होते. लहानपणापासून आपण त्यांना सांगितलेलं असतं, मोठ्यांना उलटून बोलू नको, चारचौघांत हसं होऊ देऊ नको. पण विमानात बसलेल्या मुलीला "इंजिनाचा आवाज बरोबर नाही, मी आज हे विमान नेणार नाही" असं म्हणता आलंच पाहिजे. अर्ध्या धावपट्टीवर ब्रेक लावला म्हणून कोणी हसलं तर हसू दे. म्हणून प्रवेश घ्यायच्या आधी संस्थेत जाऊन विचारा. इंजिन बंद पडल्याचा सराव किती वेळा करून घेता? मुलीने उड्डाण नाकारलं तर तिला बोलणी खावी लागतात का? ज्या संस्थेला हे प्रश्न आवडणार नाहीत, तिथे मुलीला घालू नका. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उडावं लागतं. ते सगळे तास तिला निर्भयपणे "नाही" म्हणता यायला हवं.

आता आपल्या वाट्याची दोन कामं.

पहिलं, रानात विमान उतरलं तर. आधी ११२ ला फोन करा. विडी-काडी लांब ठेवा, कारण इंधन पंखांत असतं. थांबलेल्या पंख्यालाही हात लावू नका, तो अचानक फिरू शकतो. तुटलेल्या विजेच्या तारा बघून मगच मागून किंवा बाजूने जवळ जा. आग नसेल तर जखमीला ओढून काढू नका, मान हलू देऊ नका. बघ्यांना मागे ठेवा आणि मोडतोड जागची हलवू नका. तिच्यावरून पुढे चौकशी होते.

दुसरं काम काकडी आणि आसपासच्या गावांचं. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला-सोलायला नियमाने बंदी आहे. घारी-कावळे त्यावर येतात आणि इंजिनात शिरतात. गावाची कचऱ्याची जागा झाकलेली आहे का, हे ग्रामसभेत विचारणं गटाला सहज जमेल.

मुलीला वैमानिक व्हायचं असेल तर भीती वाटते म्हणून अडवू नका. तिला आधी ठरवायला शिकवा, आणि ठरवलेलं ऐन वेळी पाळायला.