तेरची पांढरी

बचत गटाच्या आपल्या कार्यक्रमात आज हिशेबाची वही जरा बाजूला ठेवू. आज बोलू आपल्याच धाराशिव तालुक्यातल्या एका जुन्या गावाविषयी. तेरणा नदीच्या काठचं तेर.

तेर म्हटलं की आपल्याला आधी आठवतात ते गोरोबाकाका. चैत्रात यात्रा भरते, दिंड्या येतात, आपल्यापैकी कितीतरी जणी दर्शनाला जातात. पण गोरोबाकाकांच्याही आधी हजार वर्षांहून जास्त काळ हे गाव नांदत होतं, आणि तेव्हा ते गाव नव्हतं, शहर होतं. त्याचं नाव होतं तगर.

साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वी ग्रीक भाषा बोलणाऱ्या एका माणसाने समुद्रावरच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, असं ते पुस्तक आहे. त्यात तो सांगतो की भडोचच्या बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणहून पुढं दहा दिवसांवर तगर. तिथून बैलगाड्यांनी, वाट धड नसलेल्या मुलखातून माल भडोचला येतो. माल कोणता? साधं जाडंभरडं कापड पुष्कळ, आणि नाना तऱ्हेची तलम वस्त्रं. म्हणजे महिनाभर गाड्या हाकायच्या, तेव्हा कुठं माल जहाजापर्यंत जाणार. पुढं तो अरबस्तान, मिसरपर्यंत जायचा.

आता ते कापड कुणी केलं? कापूस कुणी वेचला, सूत कुणी काढलं? नाव कुणाचंच लिहिलेलं नाही. पण जुन्या काळच्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एक नियम आहे, तो ऐका. विधवा, अपंग, एकट्या राहणाऱ्या बायकांकडून सूत कातून घ्यावं. ज्या घराबाहेर पडत नाहीत त्यांना काम घरपोच द्यावं. आणि मजुरी सूत जाडं, मध्यम की बारीक हे बघून द्यावी. तो नियम काही तेरसाठी लिहिलेला नव्हता. पण सूतकताईत बायकांचा हात किती होता, हे त्यावरून कळतं. घरी बसून शिवण करणाऱ्या, पापड लाटणाऱ्या आपल्या गटांतल्या बायकांना हे काही नवीन वाटायचं नाही.

शहराचा मान मोठा होता. कोकणात आणि कोल्हापुराकडं राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला ‘तगर नगरीचे स्वामी’ म्हणवून घ्यायचे. पुढं शहर ओसरलं, नावही विसरलं गेलं. तगर म्हणजे कोणतं गाव, यावर विद्वानांचा बराच वाद झाला. शेवटी १९०१ साली फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकाने सांगितलं की तगर म्हणजे हेच तेर.

गावात त्रिविक्रमाचं देऊळ आहे. ते नीट बघा. मागची बाजू गोल आणि वरचं छत कमानीसारखं. मुळात ते बौद्ध चैत्य होतं, पुढं तिथं त्रिविक्रमाची मूर्ती आली. देव बदलले, पण लोकांनी इमारत पाडली नाही, वापरत ठेवली. म्हणून ती आजवर उभी राहिली. उत्तरेश्वराचं देऊळही विटांचंच. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या, सच्छिद्र की पाण्यावर तरंगतात. ही कुंभारकामाची परंपरा किती जुनी असेल! त्याच गावात गोरोबाकाका झाले. संतमेळा जमला तेव्हा मुक्ताबाईंनी विचारलं, म्हणून त्यांनी थापटण्याने एकेकाचं डोकं थापटून कच्चं मडकं ओळखलं, अशी गोष्ट आपण कीर्तनात ऐकतोच.

आता मुद्द्याचं बोलू. आपण म्हणतो, शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या माणसं एका जागी राहिली, भिंती पडल्या, चुलीची राख, खापरं साचली, की माती पांढुरकी होते. तेरला अशा पांढरीची टेकाडं आहेत. माळवदावर टाकायला, भिंती लिंपायला ही माती चांगली, म्हणून आपल्याकडं जुन्या पांढरी खणून नेतात. त्या मातीबरोबर मणी, नाणी, भाजलेल्या मातीच्या बाहुल्या, बांगड्यांचे तुकडे निघतात आणि हरवतात. पाऊस झाला की काही आपोआप उघडे पडतात.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू वर्षानुवर्षं गोळा केल्या. आज गावात त्यांच्याच नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. आमच्या गटाच्या बायका तिथं गेलो तेव्हा सगळ्यात जास्त वेळ थांबलो एका हस्तिदंती बाईपुढं. छोटीशीच आहे, अंगावर दागिने आहेत. इटलीत ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली अशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती सापडली. आपल्या भागातली कारागिरी किती लांबवर ओळखीची होती, ते बघा. बाकी कपाटांत मणी, दिवे, खेळणी. आमच्यातली एक म्हणाली, “अगं, असले मणी तर आमच्या शेतात निघायचे. पोरं गोट्या म्हणून खेळायची.”

मैत्रिणींनो, काळजी हीच आहे. गावात कुणीतरी येतो, चार पैसे देतो, मणी-नाणी घेऊन जातो. ते नाणं कुठल्या शेतात, किती खोल, कशासोबत निघालं, हे एकदा हरवलं की परत मिळत नाही. जमिनीत जुना ठेवा सापडला तर कलेक्टर कचेरीला कळवायचं, असा कायदा १८७८ पासून आहे. आणि १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवू. जुन्या पांढरीची माती लिंपायला आणायची नाही. काही निघालं तर धुवायचं-घासायचं नाही, जागा लक्षात ठेवायची आणि सरपंच, तलाठी किंवा संग्रहालयाला कळवायचं. आणि पुढच्या चैत्रात गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेलो, की पोरींना बरोबर घेऊन संग्रहालयही बघायचं. त्या हस्तिदंती बाईपुढं त्यांना जरा वेळ उभं राहू द्या.

पुढच्या वेळी पुन्हा हिशेबाच्या वहीकडं वळू. रामराम.