‘मार्ग’ आणि आपलं नगर



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कलेवर बोलणार म्हटल्यावर मागच्या बाकावर हसू फुटलं, ते ऐकू आलं! पण आमच्या धंद्यात ५ वर्षांपूर्वीचं काम पुराणवस्तू ठरतं, म्हणूनच ऐंशीच्या घरात पोचलेल्या एका त्रैमासिकाचं मला अप्रूप आहे.

मुल्कराज आनंद यांनी १९४६ साली मुंबईत ‘मार्ग’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू केलं. नाव आपल्या भाषेतलं, आणि तीच ‘मॉडर्न आर्किटेक्चरल रिसर्च ग्रुप’ची आद्याक्षरंही. आपल्या किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी लिहिलेला ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्य उंबरठ्यावर होतं आणि आपल्याकडे काय काय आहे, याची मोजदाद दोन्हीकडे चालली होती. ‘मार्ग’ला टाटांचा आधार मिळाला. आनंद यांनी तीन दशकांहून अधिक काळ संपादन केलं; पुढे सरयू दोशी, प्रतापादित्य पाल आले. १९६३ मध्ये दख्खनी चित्रकलेवर अंक निघाला. १९६५ च्या अंकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. नव्या मुंबईत घराचे हप्ते भरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता नगरचं. ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे निजामशाहीतलं सचित्र काव्य पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या चित्रांत हुसेन निजामशहाबरोबर राणी खुंजा हुमायून होती. पुढे तिची सत्ता गेली आणि तिच्या आकृत्या रंग फासून पुसल्या गेल्या. ही चांदबिबीची आई. चांदबिबी आपण शाळेत पाठ केली. तिच्या आईचं नाव मला चाळिशीत कळलं, तेही इंग्रजीतून. आणि सहलीला ज्या ‘चांदबिबीच्या महाला’त डबे खाल्ले, तो तर सलाबतखानाचा मकबरा!

बॅचच्या निधीतून शाळेला संगणक द्यायचं घाटतंय. जरूर देऊ, जोडून मी देईन. पण थोडे पैसे राखून चित्रकलेच्या वर्गासाठी ‘मार्ग’ची वर्गणी भरू आणि निजामशाही वास्तूंवरची पुस्तकं घेऊ. इंग्रजी मुलांना जड जाईल, म्हणून प्रत्येक अंकाचा मराठी सारांश मी लिहून पाठवीन. फराहबागेची आणि दमडी मशिदीची छायाचित्रं मात्र नगरात राहणाऱ्यांनी काढायची. कोण काढणार? हात वर करा.