भूतान की नेपाळ?

(चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी मंडळात केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घरात राबणारी बाई. भाषणाची सवय मला नाही. परंतु मी वैशाखात पाच रात्रींसाठी एकटीच परदेशी जाणार, ही बातमी माझ्याआधी मंडळात पोचली. मग कोणी जिन्यात, कोणी भाजीवाल्यापाशी मला गाठू लागल्या. तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, एकदाच सगळ्यांना सांगून टाका. म्हणून उभी राहिले आहे.

एकटीच का, हे आधी सांगते. काशीला गेले तेव्हा आम्ही अकरा जण होतो. एकाला बिनसाखरेचा चहा, दुसऱ्याची रक्तदाबाची गोळी, तिसऱ्याची हरवलेली चप्पल, हे पाहता पाहता मला विश्वनाथाचे दर्शन दोन मिनिटे घडले. यंदा यजमानांना रजा नाही, मुलाची परीक्षा आटोपली आहे, आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींतून चार वर्षे साठवलेले पैसे माझ्याजवळ आहेत. यजमान एवढेच म्हणाले, “देश असा निवड, की मला रात्री झोप लागेल.” वन्सं मात्र अजून माझ्याशी बोलत नाहीत. हिंगण्याच्या पार्वतीबाई आठवले 1918 साली, चाळिशी उलटल्यावर, आश्रमासाठी पैसे जमवायला अमेरिकेस गेल्या. इंग्रजी तर त्यांना तिकडे जाऊनच शिकायचे होते. त्यांच्यापुढे माझे पाच दिवस म्हणजे नुसते माहेरपण.

व्हिसाची कटकट नको, जेवण पचेल असे हवे, आणि आपल्याकडील उन्हाळ्यातून सुटका हवी, असा विचार करता भूतान आणि नेपाळ हे दोनच देश उरले. दोन्हीकडे आपल्याला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. आधार कार्डावर मात्र आपल्या वयाच्या बाईने विसंबू नये.

मन आधी भूतानवरच गेले होते, हे कबूल करते. पारोच्या खोऱ्यावर उभ्या कड्याला चिकटलेला तक्त्संगचा मठ आहे, 1692 सालचा. त्याचे चित्र पाहिले आणि पोळी तव्यावर तशीच राहिली. देशाचा साठ टक्के भाग जंगलाखाली राहिलाच पाहिजे, असे त्यांच्या राज्यघटनेत लिहिले आहे. वसंतात पारोला मोठा उत्सव होतो, आणि त्यात शेवटल्या दिवशी पहाटे भिंतीएवढे कापडी चित्र उलगडून उन्हे येण्याआधी गुंडाळून ठेवतात. मिरची तर तेथे मसाला म्हणून नव्हे, भाजी म्हणून खातात! चीज घालून शिजवतात म्हणे.

पण हिशेब मांडला. 2022 च्या सप्टेंबरात भूतानने पुन्हा दारे उघडली तेव्हापासून भारतीय पाहुण्याला दर रात्री 1,200 रुपये शुल्क आहे. पाच रात्रींचे 6,000 झाले, आणि राहणे-जेवण वेगळे. याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचा देश आहे, गर्दी नको असेल तर त्यांनी शुल्क घ्यावे. अडचण निराळीच निघाली. प्रवासाच्या कचेरीत चौकशी केली तेव्हा गाडी आणि वाटाड्या यांचा जो खर्च चौघींत वाटला जातो, तो सगळा माझ्या एकटीवर आला. शिवाय तेथील झोंगखा भाषेची लिपी तिबेटी वळणाची, आणि पाटीवर सोबतीला असते ती इंग्रजी. मला दोन्ही सारख्याच. प्रत्येक पाटीला वाटाड्याच्या तोंडाकडे पाहायचे, तर मी एकटी गेले असे कसे म्हणू? चौघी मिळून जाणार असाल तर मात्र भूतानलाच जा, असे मी आवर्जून सांगेन.

नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात. ही गोष्ट लहान वाटेल, पण माझा निर्णय तिच्यावरच झाला. पोलिसाला तेथे ‘प्रहरी’ म्हणतात, दुकानाला ‘पसल’. ‘अस्पताल’, ‘औषधि पसल’, ‘शौचालय’ या पाट्या मी स्वतः वाचीन. इंग्रजी शिकलेल्या बायकांना यातले सुख कळणार नाही. मुंबईहून काठमांडूला थेट विमान मिळते. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करायचे. आपल्या शंभर रुपयांचे तेथे 160 होतात, म्हणून भाव विचारताना ‘आयसी की एनसी’, म्हणजे भारतीय की नेपाळी, हे आधी विचारावे, नाहीतर दीडपटीहून जास्त द्याल. मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात. ते बँकेत विचारूनच निघणार आहे.

घरच्यांची भीती खोटी नाही. 2015 च्या 25 एप्रिलला, म्हणजे याच ऋतूत, तेथे मोठा भूकंप झाला आणि सुमारे नऊ हजार माणसे गेली. 2025 च्या सप्टेंबरात तरुणांच्या आंदोलनात जाळपोळ झाली, विमानतळ बंद पडला आणि आपले लोक अडकले. म्हणून रद्द करता येईल असेच तिकीट काढले आहे, आणि काठमांडूच्या खोऱ्याबाहेर जायचे नाही असे ठरवले आहे. मुक्तिनाथ 3,700 मीटरहून उंच. तो या खेपेस नाही. वसंतात वणव्यांच्या धुराने हिमशिखरे झाकली जातात असेही ऐकते. न दिसली तर न दिसली.

मला पशुपतिनाथ पाहायचा आहे, स्वयंभूचा स्तूप पाहायचा आहे (पायऱ्या 365, पण मागच्या बाजूने गाडी जाते), आणि सर्वांत जास्त ओढ पाटणची आहे. वैशाखात तेथे रातो मच्छिंद्रनाथाचा रथ निघतो. वर बांबू-वेताचा उंच मनोरा, आणि माणसे दोरांनी ओढतात. आपल्याकडे नवनाथांच्या पोथीत घरोघर वाचतात तेच मच्छिंद्रनाथ हे, असे तिकडचेही मानतात. सासूबाई श्रावणात पोथी लावीत, आणि मी ओसरीवर तांदूळ निवडीत ऐकत असे. स्त्रीराज्यात अडकलेल्या गुरूला गोरखनाथाने सोडवले, ही कथा मला तेव्हापासून पाठ आहे. त्या रथाच्या दोराला हात लावायला मिळाला तर पाचांतले चार दिवस फुकट गेले तरी चालतील.

ज्यांना पशुपतिनाथाहून रुद्राक्ष हवा असेल त्यांनी आज पन्हे घेताना माझ्या वहीत नाव लिहावे. पहिल्या पाच जणींचेच आणीन. सामान माझे मलाच उचलायचे आहे.