उत्सवाआधीचे मन

(चंदगड येथे पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरात वाढदिवस, मुंज, बारसे किंवा गणरायाचे आगमन असले, की पाच-सहा वर्षांचे मूल पहाटेपासूनच वेगळे वागू लागते. ते धड जेवत नाही, दुपारी पडत नाही, सजावटीला हात लावते, धाकट्या भावंडाला ढकलते आणि पाहुणे उंबरठ्यावर येण्याच्या नेमक्या वेळी क्षुल्लक कारणावरून भोकाड पसरते. मग आई ओरडते, वडिलांचा हात उठतो आणि ज्याच्यासाठी समारंभ मांडला, तेच मूल डोळे पुसत औक्षणाच्या पाटावर बसते. छायाचित्रात सारे हसत असतात; मुलाच्या मनात मात्र आनंद आणि अपमान यांची गाठ त्या दिवशी बांधली जाते. ही गाठ बसू नये म्हणून घराने काय करावे, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे, की हा उन्माद म्हणजे उद्दामपणा नव्हे. आवेग आवरण्याचे काम कपाळामागील मेंदूच्या ज्या भागाकडे असते, तो माणसाच्या पंचविशीपर्यंत परिपक्व होत राहतो. सहा वर्षांच्या बालकाकडे आनंद पूर्ण असतो, लगाम मात्र अपुरा असतो. कठोपनिषदाने शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे. लहान मुलाच्या रथात घोडे जुंपलेले असतात, सारथी अजून शिकाऊ असतो. म्हणून काही वर्षे तो लगाम आईवडिलांनी, आजी-आजोबांनी मुलाच्या हातावर आपला हात ठेवून धरायचा असतो. धरणारा हातच थरथरत असेल, तर घोडे आवरणार कसे? घाईने, चिडून, भ्रमणध्वनी कानाला लावून ‘शांत बस’ असे ओरडणारा मोठा माणूस मुलाला अशांतताच शिकवतो.

गोड खाल्ल्यामुळे मुले उधळतात, असा समज घरोघरी आहे. अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा १९९५ साली अमेरिकेतील वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. साखरेमुळे मुलांच्या वागण्यात फरक पडतो, याला त्यात आधार सापडला नाही. दोष लाडवाचा नसतो. चुकलेली झोप, रिकामे पोट, गर्दी, गोंगाट आणि संपता न संपणारी प्रतीक्षा यांचा असतो. चंदगडच्या घरांत आणखी एका कारणाची भर पडते. भाद्रपदात या तालुक्यात पाऊस उसंत देत नाही. मुंबई-पुण्याहून आलेल्या नातलगांनी घर भरलेले असते आणि मुलांना अंगणही मिळत नाही. धावण्याची सारी ऊर्जा मग माजघरात फुटते.

यावर पहिला उपाय कामाचा आहे. पाट उचलून आणणे, पाण्याचे तांबे भरणे, काजूगर निवडणे, फुलांच्या पाकळ्या वेगळ्या करणे, अशी अंगमेहनतीची आणि बोटांची कामे मुलाला खरीखुरी द्यावीत. ‘तू मध्ये येऊ नकोस’ या वाक्याने मूल घराच्या उत्सवातून बाहेर ढकलले जाते. ‘एवढे तुझ्याकडे’ या वाक्याने ते उत्सवाचे यजमान होते.

दुसरा उपाय काळाचा आहे. ‘संध्याकाळी’ या शब्दाला बालकाच्या लेखी मोजमाप नसते. पाटीवर पाच चित्रे काढावीत: आंघोळ, जेवण, झोप, नवे कपडे, पाहुणे. एकेक टप्पा पार पडला, की ते चित्र मुलाने स्वतः पुसावे. वाट पाहणे मग डोळ्यांना दिसते. दहा दिवस आधीपासून रोज उत्कंठा वाढवणेही टाळावे. दोन दिवस पुरे होतात. नेहमीचा वरणभात वेळेवर पोटात जावा, आणि झोप आली नाही तरी अर्धा तास अंधाऱ्या खोलीत आजीच्या कुशीत पडून राहावे.

या वेळी गोष्ट सांगावी, आणि ती दूरची असण्याचे कारण नाही. याच तालुक्याच्या टोकाला पारगड उभा आहे. रायबाचे लग्न घरात ठरलेले असताना तानाजी मालुसरे कोंढाण्याकडे वळले आणि १६७० साली तेथे धारातीर्थी पडले. पुढे त्याच रायबाकडे पारगडची किल्लेदारी आली, असे परंपरा सांगते. मालुसऱ्यांचे वंशज आजही गडावर नांदतात. घरचा आनंद थांबवून कर्तव्य उचलण्याचा तो संयम सहा वर्षांच्या बालकाकडून कोणी मागू नये. परंतु तसा संयम अंगी येतो तो लहान लहान प्रतीक्षांतूनच, आणि गोष्ट ऐकत घालवलेला अर्धा तास ही अशीच एक प्रतीक्षा असते.

तिसरा उपाय श्वासाचा आणि निःशब्दतेचा. गरम पेज फुंकावी तसा लांब उच्छ्वास पाच वेळा सोडला, की हृदयाची धडधड उतरते. भ्रामरीचा गुंजारव मुलांना खेळासारखा आवडतो. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले. तेथे एकदा त्यांनी चार महिन्यांचे तान्हे बाळ वर्गात आणले आणि त्याच्याइतके निश्चल कोणाला बसता येते, असे मुलांना विचारले. मुले आपणहून स्तब्ध झाली, आणि त्यातून शांततेचा खेळ जन्मला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापून हीच दृष्टी या देशाच्या मातीत रुजवली. ताराबाईंनी ती पुढे बोर्डी आणि कोसबाडच्या वनवासी पाड्यांपर्यंत नेली. शांतता धाकाने लादायची नसते, ती मुलाला स्वतःचा पराक्रम वाटली पाहिजे, हे या सगळ्याचे सार आहे.

बाल स्वयंसेवकांच्या शाखेत हे रोज घडते. खेळाचा कल्लोळ टिपेला पोहोचलेला असतो, शिट्टी वाजते, रांगा लागतात आणि काही क्षणांत तीच मुले प्रार्थनेसाठी स्तब्ध उभी राहतात. तेथे उत्साह दडपलेला नसतो. आधी त्याला मोकळे मैदान मिळते, मग परिचित संकेत मिळतो, मग सर्वजण एकत्र थांबतात. घरानेही हाच क्रम ठेवावा: आधी धावू द्यावे, पाऊस असेल तर ओसरीवर सूर्यनमस्कार घालावेत, नंतर ठरलेली घंटा वाजवावी, मग सर्वांनी, मोठ्यांनीसुद्धा, देवघरापाशी दोन मिनिटे बसावे.

औक्षणातही ही शक्ती आहे. पाट, रांगोळी, निरांजनाची संथ ओवाळणी, वडीलधाऱ्यांना नमस्कार, या साऱ्याची गती मनाला स्थिर करणारी आहे. मात्र तेच औक्षण छायाचित्रासाठी चार वेळा करवले, पाहुण्यांपुढे श्लोक म्हणण्याची सक्ती केली, तर संस्काराचा निव्वळ देखावा उरतो.

इतके करूनही मूल कोसळलेच, तर चारचौघांत बोलणे नको. त्याला बाजूला न्यावे, गुडघे टेकून त्याच्या उंचीवर यावे, पाणी द्यावे, थोडे बोलावे. पाहुण्यांना दोन मिनिटे थांबवले तर घराची अब्रू जात नाही. घरी आणि शाळेत, समारंभ नसतानाही, महिनोन्‌महिने अशीच अस्वस्थता दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला निःसंकोच घ्यावा.

मन चंचल आहे ही तक्रार गीतेत प्रत्यक्ष अर्जुनाने केली. भगवंतांनी त्याला दटावले नाही. मन आवरणे कठीण आहे हे मान्य करून अभ्यासाचा मार्ग दाखवला. अर्जुनाला जी सवलत मिळाली, ती घरातील चिमुकल्या अर्जुनाला नाकारण्याचा अधिकार कोणत्याही पालकाला नाही. येत्या सणाला आरास थोडी कमी झाली तरी चालेल. संध्याकाळी पाटावर बसणाऱ्या बालकाचे डोळे कोरडे आणि हसरे असावेत, एवढी काळजी प्रत्येक घराने घ्यावी.